रक्त राहतं कुठे? शिरांच्या तिजोरीबद्दल

तुमच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त आहे. उंची-वजनाप्रमाणे थोडं कमीजास्त, पण पाच धरून चालू. तर प्रश्न असा: आत्ता, तुम्ही हे वाचत बसला असताना, ते पाच लिटर रक्त आहे कुठे?

हा प्रश्न मी ओळखीतल्या बऱ्याच जणांना विचारून पाहिलाय. बहुतेक जण ‘हृदयात’ म्हणतात, उरलेले ‘सगळीकडे सारखंच असेल ना’ म्हणतात. दुसऱ्या उत्तरामागे शाळेतली ती आकृती आहे. मधोमध हृदय, एका बाजूला लाल नळी, दुसऱ्या बाजूला निळी, दोन्ही अगदी सारख्या जाडीच्या. आकृती सोयीची आहे, पण हिशेबाला चुकीची. विश्रांतीत असलेल्या माणसाच्या रक्ताची वाटणी अशी असते: हृदयात सुमारे ७ टक्के, फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत ९, उरलेल्या शरीरातल्या धमन्यांमध्ये १३, अगदी बारीक धमन्या आणि केशवाहिन्या मिळून ७. राहिलेले ६४ टक्के, म्हणजे तीन लिटरहून जास्त रक्त, शिरांमध्ये असतं.

इथे आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्या बोलण्यात ‘शीर’ हा शब्द कशालाही चालतो. मानेची शीर आखडते तेव्हा तो स्नायू असतो, कमरेत शीर दबते तेव्हा तो मज्जातंतू असतो आणि रागाने कपाळाच्या कडेची शीर ताडताड उडते ती चक्क धमनी असते. (आणि अनेकवचन केलं की नाश्ता आठवतो, त्याला माझा इलाज नाही.) जुन्या पुस्तकांमध्ये ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ असे छान शब्द होते. मी मात्र धमनी आणि शीर हेच वापरणार आहे. धमनी हृदयाकडून रक्त नेते, शीर ते हृदयाकडे परत आणते.

‘परत आणते’ एवढंच सांगून शाळेचं पुस्तक थांबतं, आणि शीर म्हणजे नुसता ड्रेनेजचा पाईप असा आपला समज होतो. माझं पीएच.डी.चं काम पायातल्या शिरांवर आहे, त्यामुळे मी थोडी पक्षपाती असेन. पण शीर हा पाईप कमी आणि कोठार जास्त आहे. या कोठारातून किती रक्त सुटतं त्यावर हृदय किती काम करू शकणार हे ठरतं.

कोठार कसं, ते बघायला दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी घ्या. कोपरा कापून रिकामी करा, धुवा आणि हळूहळू पाणी ओता. सुरुवातीला पिशवी फक्त आकार बदलते. चपटी होती ती फुगीर होते, प्लास्टिक जराही ताणलं जात नाही. बरंच पाणी मावतं, पण आत दाब असा काही येत नाही. पिशवी गच्च भरली की मग मात्र चार चमचे पाणीसुद्धा दाब वाढवतं. शिरांचं तसंच आहे. भिंत पातळ, आतला छेद बऱ्याचदा चपटा, त्यामुळे दाब फारसा न वाढवता त्या भरपूर रक्त पोटात घेतात. शरीरातल्या सगळ्या शिरा एकीकडे आणि सगळ्या धमन्या दुसरीकडे ठेवल्या आणि दोन्हींमधला दाब सारखाच वाढवला, तर धमन्यांत जेवढं जास्तीचं रक्त मावेल त्याच्या २४ पट शिरांत मावेल.

आता एक विचित्र कल्पना करा. हृदय काही क्षण थांबलंय. धमन्यांतलं जास्त दाबाचं रक्त पुढे सरकून शिरांत आलंय आणि सगळीकडचा दाब समान झालाय. तो किती असेल? शून्य नसतो. साधारण ७ असतो, म्हणजे पाऱ्याचे ७ मिलिमीटर. बीपीचा १२०/८० हा आकडा ज्या एककात असतो तेच हे एकक. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन इथे आर्थर गायटन यांनी १९५०च्या दशकात कुत्र्यांवर प्रयोग करून हा दाब पुन्हापुन्हा मोजला आणि त्यावर रक्ताभिसरणाचं आख्खं गणित उभं केलं. हे तेच गायटन, ज्यांचं जाडजूड पुस्तक एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं छातीशी धरून फिरतात. त्यांना सर्जन व्हायचं होतं. शिकत असताना पोलिओ झाला आणि ते शरीरक्रियाशास्त्राकडे वळले.

१२०च्या शेजारी ७ अगदी किरकोळ वाटतात. पण शिरांमधून हृदयापर्यंत रक्त परत आणणारा मुख्य दाब हाच. उजव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या ज्या कप्प्यात शिरांचं रक्त येऊन पडतं तिथे, दाब शून्याच्या आसपास असतो. सातापासून शून्यापर्यंत, एवढाच उतार. त्यावरून मिनिटाला पाच लिटर रक्त घरी येतं. उतार इतका सौम्य असताना प्रवाह एवढा मोठा, कारण मोठ्या शिरा रुंद आहेत आणि अडथळा फार कमी करतात.

ते ७ कुठून आले याचं उत्तर पिशवीत आहे. पाच लिटरपैकी पहिलं सुमारे चार लिटर रक्त फक्त जागा भरतं, त्याने दाब येत नाही. शेवटच्या लिटरभर रक्ताने भिंती ताणल्या जातात आणि दाब तयार होतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर चार लिटर ही किमान शिल्लक. खात्यात आहे, पण चेक फाडता येत नाही. व्यवहार चालतो तो वरच्या एका लिटरवर.

आणि हृदय? त्याच्याकडे जेवढं येईल तेवढंच ते पुढे ढकलू शकतं. हे ऐकायला इतकं साधं आहे की त्याचं महत्त्व निसटतं. निरोगी माणसाच्या हृदयाची गती आराम करत असताना नुसती पेसमेकरने वाढवली तर मिनिटाला बाहेर पडणारं रक्त फारसं वाढत नाही. ठोके जास्त, प्रत्येक ठोक्यात रक्त कमी. कारण मागून येणारा पुरवठा तेवढाच आहे. उलट येणारं रक्त वाढलं, तर स्नायू जास्त ताणला जाऊन हृदय आपोआप जोरात आकुंचन पावतं. धावताना तुमचं हृदय मिनिटाला पंधरा-वीस लिटर रक्त ढकलतं, कारण शिरा तेवढं आणून देत असतात.

आता खरी गंमत. बँक किमान शिल्लक स्वतःहून कमी करत नाही, पण शरीर करतं. शिरांच्या भिंतीत थोडा स्नायू असतो आणि त्याला मज्जातंतूंचे आदेश मिळतात. आदेश आला की शिरा आवळतात, विशेषतः पोटातल्या. जिथे चार लिटर निवांत पडून होते तिथे साडेतीनच मावतात आणि उरलेलं अर्धा लिटर ‘चालू खात्यात’ येतं. रक्ताचा एक थेंबही न वाढता. यकृतातून काहीशे मिलिलिटर, पोटातल्या मोठ्या शिरांमधून तीनशेच्या आसपास, पानथरीतून शंभरेक. (घोड्याची पानथरी या बाबतीत आपल्यापेक्षा फार पुढे आहे. शर्यतीत ती तांबड्या पेशींचा मोठा साठा रक्तात ओतते. आपली बिचारी लहान.)

याचा अनुभव रक्तदान केलेल्या कुणालाही आहे. ३५० किंवा ४५० मिलिलिटरची पिशवी भरते, तुम्ही बिस्किट खाता, चहा घेता आणि घरी जाता. बीपी जवळजवळ तेवढंच. गेलेलं रक्त मुख्यतः शिरांच्या कोठारातून गेलं आणि शिरांनी आवळून घेऊन हिशेब जुळवला. दहा-पंधरा मिनिटं पडून राहा म्हणतात, ते ही जुळवाजुळव नीट व्हावी म्हणून.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. बीपीचं यंत्र धमनीतला दाब मोजतं. म्हणजे जिथे १३ टक्के रक्त आहे तिथला. कोठारात किती उरलंय हे ते सांगत नाही. अपघातात सातशे मिलिलिटरच्या आसपास रक्त गेलेल्या धडधाकट माणसाचं आडव्या स्थितीतलं बीपी बहुतेक वेळा नॉर्मल येतं. कोठार रिकामं होत असतं, पण दुकान उघडं दिसतं. तोपर्यंत नाडी वाढलेली असू शकते, हात-पाय गार पडायला लागलेले असू शकतात. म्हणून डॉक्टर बीपी बघून झाल्यावरही नाडी धरतात, नख दाबून बघतात, लघवी झाली का विचारतात. नातेवाइकांना ही नसती चौकशी वाटते, पण ती कोठाराची चौकशी असते.

डेंग्यूत रक्त बाहेर जात नाही, पण केशवाहिन्यांमधून त्यातलं पाणी पाझरतं आणि परिणाम तोच होतो. बहुधा ताप उतरायच्या सुमारास, म्हणजे घरचे हुश्श करतात तेव्हा. अशा वेळी बीपीचा वरचा आकडा बराच काळ ठीक दिसतो, खालचा मात्र चढत जातो, कारण शरीर सगळ्या वाहिन्या आवळून धरतंय. वरच्या-खालच्या आकड्यांतला फरक २० किंवा त्याहून कमी झाला, तर वरचा आकडा १००च्या पुढे असला तरी ती धोक्याची खूण आहे. डेंग्यूच्या पेशंटजवळ बसला असाल तर फक्त वरचा आकडा विचारू नका, दोन्ही विचारा. आणि प्लेटलेटच्या आकड्यावरून जेवढी धावपळ होते, त्यातली थोडी या फरकासाठी राखून ठेवा.

आता उभे राहा. खरंच, उठून उभे राहा.

या दोन सेकंदांत तुमच्या शरीरात मोठी उलथापालथ झाली. छातीतलं आणि पोटातलं मिळून अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पायांत आणि ओटीपोटाकडे उतरायला लागलं. हे का, याचं नेहमीचं उत्तर असं की पायातलं रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवणं हृदयाला कठीण जातं. पटतं, पण तसं नाही. गवंडी समपातळी बघायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती आठवा. नळीचा मधला भाग खाली कितीही लोंबत असला तरी दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर येतं. एका बाजूने पाणी जेवढं उतरतं तेवढंच दुसऱ्या बाजूने चढतं, वेगळा पंप लागत नाही. तुमच्या पायाच्या धमन्या म्हणजे उतरती बाजू आणि शिरा म्हणजे चढती बाजू. उभं राहिल्यावर घोट्यापाशी दोन्हींमधला दाब सुमारे ९०ने वाढतो, कारण हृदयापासून तिथपर्यंत रक्ताचा सव्वा मीटरचा स्तंभ उभा असतो. दोन्हीकडे सारखाच वाढला, म्हणजे दोन्हींमधला फरक तेवढाच राहिला. आपल्या रक्तवाहिन्या काचेच्या असत्या तर उभं राहिल्याने काही बिघडलं नसतं.

बिघडतं ते शिरा काचेच्या नसून दुधाच्या पिशवीसारख्या असल्यामुळे. गवंड्याच्या नळीच्या लोंबत्या भागात एक फुगा जोडला, तर आधी तो फुगा भरेल, आणि तो भरेपर्यंत दुसऱ्या टोकाचं पाणी खाली गेलेलं दिसेल. रक्त ‘चढत नाही’ असं नाही. ते वाटेत मुक्काम करतं. जो गुण कोठार म्हणून उपयोगी, तोच उभं राहिल्यावर अडचणीचा.

जिराफाने यावर कडक उपाय केलाय. त्याच्या पायांची कातडी आणि तिच्या आतलं आवरण इतकं घट्ट असतं की शिरांना फुगायला जागाच मिळत नाही. आपल्याला अशी कातडी नाही, म्हणून आपण दोन इतर युक्त्या वापरतो. झडपा आणि पोटऱ्या.

झडपा तुम्हाला स्वतःच्या हातावर बघता येतात, फार छान प्रयोग आहे. कोपराच्या वर रुमाल बांधा, घट्ट नाही, शिरा फुगतील इतपत. हात खाली सोडा. पुढच्या हातावरची एखादी सरळ, लांब शीर निवडा. मनगटाकडच्या टोकाला एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने शीर पुसत न्या. मग फक्त दुसरं बोट उचला. वरून रक्त खाली येईल, पण एका ठिकाणी थबकेल. त्याच्या खालचा भाग सपाट, रिकामाच राहील. जिथे थबकलं तिथे झडप आहे, नीट बघितलं तर बारीकशी गाठ दिसते. आता पहिलं बोट उचला. शीर खालून झपकन भरेल. झाला प्रयोग, रुमाल सोडा.

हा प्रयोग विल्यम हार्वी यांनी १६२८ साली छापलेल्या पुस्तकात चित्रांसकट दिलाय. झडपा त्यांनी शोधल्या नव्हत्या. इटलीतल्या पादुआ इथले त्यांचे गुरू फॅब्रिसिअस यांनी १६०३ साली झडपांवर पुस्तिकाच लिहिली होती. पण त्या काळच्या समजुतीप्रमाणे रक्त शिरांमधून शरीराकडे जातं असं फॅब्रिसिअस धरून चालले होते, म्हणून त्यांना झडपा म्हणजे रक्त एकदम पायाशी कोसळू नये यासाठीचे छोटे बांध वाटले. समोर तीच झडप, आणि हार्वींना ती एकेरी दरवाजा दिसली, हृदयाकडेच उघडणारी. रॉबर्ट बॉइल (हो, रसायनशास्त्रातले तेच) यांनी लिहून ठेवलंय की रक्ताभिसरणाची कल्पना कशावरून सुचली असं विचारल्यावर हार्वींनी या झडपांकडे बोट दाखवलं होतं.

झडप स्वतः रक्त ढकलत नाही, फक्त मागे जाऊ देत नाही. ढकलायचं काम पोटरीचं. पायातल्या मोठ्या शिरा पोटरीच्या स्नायूंमधून आणि त्यांच्या मधून जातात. पाऊल टाकलं की स्नायू आवळतो, शीर पिळली जाते, रक्त वर जातं. स्नायू सैल पडला की झडपा मिटतात, रिकामी झालेली खोल शीर कातडीजवळच्या शिरांमधून रक्त आत ओढून घेते, आणि पुढच्या पावलाला ते वर जातं. निश्चल उभं राहिल्यावर घोट्याच्या शिरेत ९०च्या आसपास असलेला दाब चार पावलं चालल्यावर २०-३०पर्यंत खाली येतो.

पोटरीला ‘दुसरं हृदय’ म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धवट पटतं. हृदय तुम्हाला विचारत नाही, पोटरी विचारते. तुम्ही हललाच नाहीत तर ती बंद.

आमच्या लॅबमध्ये टिल्ट टेबल आहे. माणसाला झोपवून पट्टे बांधायचे आणि टेबल ७० अंशांपर्यंत उभं करायचं. म्हणजे माणूस जवळजवळ उभा, पण पायाचे स्नायू न वापरता. यात सगळ्यात अवघड काम म्हणजे लोकांना स्थिर ठेवणं. सांगूनही बोटं हलवतात, पोटऱ्या आवळतात, आणि आपण हे करतोय हे त्यांना कळतही नाही. रोज उभं असताना आपण हेच करत असतो. वजन या पायावरून त्या पायावर, किंचित झुलणं. लहान मुलांना ‘चुळबुळ करू नको’ म्हणून ओरडतो ना, त्या चुळबुळीला शरीरात कामगिरी आहे.

म्हणूनच माणसं कोसळतात ती परेडमध्ये सावधान उभी असताना, १५ ऑगस्टच्या भाषणांच्या वेळी, दर्शनबारीत. आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी आलेला वारकरी चालताना ठणठणीत असतो आणि बारीत उभा राहिल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. थकवा, ऊन, कमी पाणी हे सगळं आहेच, पण पायातला पंप थांबलाय हेही आहे. पूर्ण निश्चल उभं राहिलं तर पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात रक्तातलं बरंच पाणी पायाच्या ऊतींमध्ये पाझरतं आणि रक्ताचं आकारमान दहा ते वीस टक्क्यांनी घटू शकतं. रात्रभर बसने नागपूरला गेल्यावर सकाळी चपला घट्ट का होतात, ते यावरून कळेल. उन्हाळ्यात आणखी भर पडते, कारण उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीखालच्या वाहिन्या उघडलेल्या असतात. तिथेही रक्त मुक्कामाला जातं.

अशा वेळी शरीर आधी नाडी वाढवून आणि वाहिन्या आवळून तोल सांभाळतं. पण काही जणांमध्ये एका टप्प्यावर उलटा आदेश सुटतो. नाडी मंदावते, वाहिन्या सैलावतात, मेंदूचा रक्तपुरवठा पडतो आणि माणूस खाली. गंमत म्हणजे हे खाली पडणं हाच उपचार असतो. आडवं झालं की शिरांमध्ये मुक्कामाला गेलेलं रक्त काही सेकंदांत छातीकडे येतं.

आणि आपण काय करतो? चार जण मिळून त्याला उचलून खुर्चीत बसवतो. कांदा हुंगवतो, चप्पल हुंगवतो. कांद्याने बहुधा नुकसान होत नाही, बसवण्याने होतं. कृपया झोपू द्या. पाय फूटभर उचलून धरले तर पायांमधून सुमारे तीनशे मिलिलिटर रक्त मध्यभागी येतं, म्हणजे जवळपास रक्तदानाच्या पिशवीएवढं, फुकट आणि लगेच. गर्दी हटवा. मिनिटभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल, डोक्याला मार लागला असेल, पडल्यावर झटके आले असतील किंवा व्यायाम करताना पडला असेल तर मात्र १०८ला फोन करा, ते वेगळं प्रकरण असू शकतं.

चक्कर येतेय असं आधीच जाणवलं तर उभ्या उभ्या पायांची कैची घाला आणि मांड्या, पोटऱ्या, कुल्ले घट्ट आवळून धरा. बरोबर मुठीही आवळा. हे तपासलेलं आहे, दाब खरोखर वर येतो. आणि तेवढ्यात बसायला किंवा आडवं व्हायला जागा शोधा.

श्वासाचाही यात हात असतो, थोडक्यात सांगते. श्वास आत घेताना छातीतला दाब कमी होतो आणि पडदा खाली सरकल्याने पोटातला वाढतो. त्यामुळे पोटातल्या शिरांमधलं रक्त छातीकडे ओढलं जातं. श्वास कोंडून जोर लावला की नेमकं उलटं. शंख फुंकणाऱ्याच्या मानेवर शिरा टरारतात, त्या छातीचं दार बंद झाल्यामुळे बाहेर ताटकळलेलं रक्त असतं. बद्धकोष्ठ असलेल्या वयस्कर माणसांना संडासात घेरी येण्यामागेही बऱ्याचदा हे असतं.

झडपा बिघडल्या तर काय होतं, ते आता तुम्हीच सांगू शकाल. पोटरी ढकलते आणि रक्त मागे येतं. घोट्यापाशी चालतानाही दाब उतरत नाही. कातडीजवळच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात, त्याला आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो. बऱ्याच जणांना त्या नुसत्या दिसायला वाईट असतात. पण काहींमध्ये घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट, कडक होत जाते, खाज सुटते आणि एक दिवस जखम होते, जी बरीच होत नाही. शिक्षक, सलूनवाले, ट्रॅफिक पोलीस, हॉटेलात भट्टीपुढे उभे राहणारे, दिवसभर ओट्याशी असणाऱ्या बायका. यातल्या कुणाच्या घोट्यावरची जखम महिनोन् महिने मलमं बदलूनही भरत नसेल तर ती कातडीची तक्रार नसून आतल्या दाबाची असू शकते. मलम वरून लावून ९०चा दाब उतरत नाही. रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे सोनोग्राफीत झडपा गळताना दिसतात आणि त्यावर इलाज आहेत. दाबाचे लांब मोजे हा त्यातला सगळ्यात साधा. जिराफाची कातडी विकत घेतल्यासारखंच. फक्त धमन्यांचा पुरवठा चांगला आहे ना हे आधी तपासून मगच घालायचे.

दोन गटांविषयी सांगायचं राहिलं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या सगळ्यात मोठ्या शिरेवर येतो. परत येणारं रक्त अडतं, आणि काही जणींना झोपलेल्या असतानाच घाम फुटून घेरी येते. डाव्या कुशीवर वळलं की भार उतरतो. घरातल्या मोठ्या बायका हे सांगतातच, कारण हे आहे.

दुसरा गट साठीच्या पुढचे, त्यातही बीपीच्या, प्रोस्टेटच्या गोळ्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, आणि जुना मधुमेह असलेले. यांच्यात वाहिन्या आवळण्याचा आदेश उशिरा पोचतो किंवा गोळीमुळे दुबळा पडतो. रात्री लघवीला उठताना तोल जातो, आणि खुब्याचं हाड मोडण्याची सुरुवात कधीकधी इथून होते. घरात बीपीचं यंत्र असेल तर एक मोजमाप करून ठेवा. पाच मिनिटं झोपून बीपी घ्या, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या, आधाराला कुणी तरी जवळ ठेवून. वरचा आकडा २० किंवा जास्त, नाहीतर खालचा १० किंवा जास्त उतरला तर तिन्ही आकडे वेळेसकट कागदावर लिहा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून बंद करू नका. तोपर्यंत पलंगावरून उठताना आधी दोन मिनिटं कडेला बसायचं, घोटे वर-खाली दहा-बारा वेळा हलवायचे, मग उठायचं.